रक्तवाढीच्या गोळ्या

नाना, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहिते आहे तीही मायेनं नाही. तुमच्या श्राद्धाला मी तिसगावला जात नाही, हे आईनं तुम्हाला सांगितलं असेलच. ती अजून सकाळी तुमच्या फोटोशी बोलते. तो फोटो माझ्या नगरच्या, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीत आहे. बाहेरच्या खोलीत मी तो लावू दिला नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग बोलायला लागली. तुमच्यावरून आमची भांडणं अशीच मिटतात, म्हणजे मिटत नाहीत.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे ती. पूर्वीचे डॉक्टर निवृत्त झाल्यापासून माझी फाईल तिच्याकडे आहे. तिनं एका कोऱ्या कागदावर तीन चौकोन काढले. पहिला: आहे ती गोळी आहे तशीच, जन्मभर. दुसरा: तीच गोळी, पण कमी ताकदीची. तिसरा: गोळी बंद आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी. "तुमच्या रिपोर्टमध्ये बरीच वर्षं काही सापडत नाहीये," ती म्हणाली. "सापडत नाही म्हणजे आजार नाही असं मी म्हणणार नाही, आमच्या मशीनला दिसत नाही इतकंच. पण अशा काही लोकांची गोळी बंद करता येते. काहींचा आजार परत येतो, आणि येतो तो बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. आला तर गोळी पुन्हा सुरू करायची, तो पुन्हा दबतो. तिन्ही रस्ते चुकीचे नाहीत. तुम्हाला काय हवंय?"

मला काय हवंय. नाना, बेचाळीस वर्षांची बाई मी, एका शाळेचं ऑफिस एकटी सांभाळते, शिक्षकांच्या रजा माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाहीत. आणि या प्रश्नावर मला रागच आला. त्या पोरीचा नाही, तुमचा. कारण हा प्रश्न मला एकवीस वर्षांची असताना विचारायला हवा होता.

तेव्हा मी नगरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा जिना चढताना दम लागायचा, झोपेत घामानं उशी भिजायची, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. तुम्ही मला नगरला घेऊन आलात. पुण्याहून आठवड्यातून एकदा येणारे रक्ताचे डॉक्टर होते. त्यांनी माझ्या कमरेच्या हाडातून सुईनं काहीतरी काढलं. ते दुखणं मला अजून आठवतं, आणि तुम्ही बाहेर उभे होतात तेही. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला आपण दोघं गेलो. डॉक्टरांनी दोघांनाही आत बोलावलं होतं. दारातच तुम्ही मला म्हणालात, "तू बाहेर बस." मी बसले. मुख्याध्यापकांची मुलगी, सांगितलं की ऐकायचं. बाकावर एक म्हातारी डब्यातून चिवडा खात होती, तिनं मलाही मूठभर दिला. मी तो चवीनं खाल्ला, आणि आत तुम्ही माझ्या आयुष्याचं ऐकून घेत होतात. अर्ध्या तासानं बाहेर आलात, रुमालानं चष्मा पुसत. "रक्त कमी आहे," म्हणालात. "गोळ्या दिल्यात. वेळ लागेल, पण होईल बरं."

तिसगावच्या स्वयंपाकघरात, मांडणीवर हळदीच्या डब्याशेजारी ती तपकिरी बाटली उभी राहिली. त्यावर तुमच्या त्या सुरेख अक्षरात चिठ्ठी: रक्तवाढीच्या गोळ्या, रोज एक, न्याहारीनंतर. गोळ्या पाकिटातून सोडवून तुम्ही त्या बाटलीत भरत होतात, म्हणजे पाकिटावरचं नाव माझ्या नजरेस पडायला नको. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की माझे वडील शाळेत जाण्याआधी तांब्याभर पाणी घेऊन माझ्यासमोर उभे राहतात आणि गोळी घशाखाली उतरल्याशिवाय हलत नाहीत. त्या गोळीनं मळमळायचं. डोळ्यांखाली सूज यायची. एकदा मी म्हणाले, आज नको, उद्या घेते. तुम्ही तांब्या खाली ठेवलात. "शिकलेल्या मुलीनं इतकं अडाणी वागावं? औषध कशासाठी असतं हे कळत नाही तुला?" तेव्हा मी मान खाली घालून गोळी घेतली. आज उत्तर देते. नव्हतं कळत, नाना. तुम्ही कळू दिलं नव्हतं. माणसाला आंधळं ठेवायचं आणि वर ठेचकाळलं म्हणून ओरडायचं, ही तुमची शिकवण्याची पद्धत.

वर्षभरात मी सुधारले. अंगावर मांस आलं, दम लागेना. आणि तुम्ही माझं लग्न ठरवलंत. राहात्याचं घर, पेरूची मोठी बाग, मुलगा शेतकी पदवीधर, माणसं भली. ती खरंच भली होती, म्हणूनच सांगते. तुम्ही त्यांना काही सांगितलं नाहीत आणि मलाही नाही. लग्नात सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं, मास्तरांनी पोरीला किती जपलं म्हणून. त्यानंतर दर महिन्याला तुम्ही तिसगावहून एसटीनं, नगरला गाडी बदलून राहात्याला यायचात. पिशवीत आईनं केलेल्या शेंगोळ्या आणि ती तपकिरी बाटली. माझी सासू म्हणायची, "बाप असावा तर असा." मलाही तेच वाटायचं. तुम्ही येणार त्या दिवशी मी सकाळपासून रस्त्याकडे बघत असायचे. याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

सासरी रोज सकाळी उलटीसारखं व्हायचं, आणि प्रत्येक वेळी सासू माझ्या तोंडाकडे आशेनं बघायची. मला ते सहन होईना. मी विचार केला, रक्त वाढलं असणार आता, दोन वर्षं झाली, किती वाढवायचं? मी गोळी घेणं सोडलं. कुणाला सांगितलं नाही. रोज एक गोळी बाटलीतून काढून मोरीत टाकायची, म्हणजे तुम्ही आलात की बाटली रिकामी दिसेल. मळमळ थांबली, डोळ्यांची सूज उतरली. त्या सात-आठ महिन्यांत मी सुखी होते, नाना. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून बागेत जायचे, मजुरांबरोबर पेरू निवडायचे. मग पोट वाढायला लागलं. डाव्या बाजूनं जड, कडक. पाळी पुढे गेली होती. सासूनं शेजारणीला सांगूनही टाकलं. मला घेऊन ती राहात्यातल्या बाईडॉक्टरांकडे गेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "ही प्लीहा आहे," त्या म्हणाल्या. "दिवस गेलेले नाहीत." सासूनं विचारलं, "प्लीहा म्हंजी काय वो? पोरगं न्हाई का?" त्या बाईंनी माझं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: पांढऱ्या पेशी लाखाच्या वर, लगेच नगरला जा.

नगरला तुम्ही आधीच येऊन थांबला होतात. या वेळी मी तुम्हाला विचारलं नाही, सरळ आत गेले. माझा नवरा बाहेर गाडी लावत होता. डॉक्टरांनी जुनी फाईल काढली. "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" मी सांगितलं. "का?" मी म्हणाले, "उलट्या व्हायच्या. आणि वाटलं, रक्त वाढलं असेल आता." त्यांनी विचारलं, "रक्त वाढलं असेल म्हणजे?" "रक्तवाढीच्या गोळ्या ना त्या?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तुमच्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही मला म्हणाला होतात, मुलीला सगळं समजावून सांगितलंय." तुम्ही टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत होतात. मग त्यांनी मला सांगितलं. हा रक्ताचा कॅन्सर आहे, सावकाश चालणारा. रोज गोळी घेतली तर तो दबून राहतो. लोक यात वर्षानुवर्षं नीट जगताहेत. गोळी सोडली तर तो सावकाश राहत नाही. आणि मग, आवाज उतरवून, "या गोळीवर दिवस राहिले तर बाळाला धोका असतो. मूल हवं असेल तर आधी माझ्याकडे यायचं, काही वेगळं करता येतं. हे मी तुमच्या वडिलांना लग्नाआधीच सांगितलं होतं."

हे एक मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही. बाकीचं तुम्ही भीतीनं केलंत असं धरून चालू. पण ते वर्षभर मी ती गोळीही घेत होते आणि नवऱ्याबरोबरही राहत होते. तुम्ही दर महिन्याला माझ्यासमोर बसून चहा प्यायलात, माझ्या सासूला म्हणालात, "होईल, होईल, घाई कशाला." तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही चहा प्यायलात.

एसटी स्टँडवर, तुमच्या गाडीची वाट बघत असताना, मी विचारलं, का केलंत? डॉक्टरांनी नवऱ्यालाही आत बोलावून सांगितलं होतं; तो थोडा लांब उभा होता. तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात. "तुला सांगितलं असतं तर तू लग्नाला उभी राहिली असतीस?" मी म्हणाले, "नसते राहिले." "म्हणूनच. जन्मभर लोकांनी बोट दाखवलं असतं. मी तुला संसार दिला." "त्यांना फसवून?" मी विचारलं. "मला फसवून?" तुम्ही आजूबाजूला पाहिलंत. "आवाज खाली घे. लोक बघताहेत." तेवढंच तुम्हाला सुचलं. मग गाडी लागली आणि तुम्ही नेहमीसारखे खिडकीची जागा धरायला पुढे झालात.

राहात्याचं घर मोडलं, ते आरडाओरडा न होता मोडलं. नवऱ्यानं एकच विचारलं, "तुला माहीत होतं?" मी नाही म्हणाले, त्यानं विश्वास ठेवला. त्याच्या आईनं ठेवला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही ठेवला नसता. सहा महिन्यांनी त्यानं मला स्वतः नगरला आणून सोडलं, पेरूची एक पेटी बरोबर दिली, आणि जाताना म्हणाला, "गोळी चुकवू नकोस." त्याचं पुढे लग्न झालं, मुलं आहेत. मी तिसगावला परत आले नाही. एका मैत्रिणीच्या खोलीत राहिले, शाळेत नोकरी धरली, गोळी सुरू ठेवली, आणि दर महिन्याला पाकीट स्वतः आणून, त्यावरचं नाव वाचून, गोळी घेतली. तुम्ही दोनदा भेटायला आलात. मी दार उघडलं, पाणी दिलं, बोलले नाही. मग दोन वर्षांनी शाळेच्या मैदानावर झेंडावंदनाच्या तयारीत तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात. दहाव्याला मी आले होते. गावातल्या बायका म्हणाल्या, दगड आहे पोरगी, डोळ्यात टिपूस नाही. बरोबर म्हणाल्या.

तर हे असं सगळं घेऊन मी त्या तीन चौकोनांसमोर बसले होते. महिनाभर वेळ मागून घेतला. आईला सांगितलं. ती गहू निवडत होती, ताट बाजूला सारलं. "चांगलं चाललंय तर कशाला उगी हात लावायचा? इतकी वर्सं घेतलीच की." मी म्हणाले, पाय आखडतात, डोळे सुजतात, पुढे मूत्रपिंडाला त्रास व्हायची भीती आहे, आणि मला एकदा बघायचंय. ती म्हणाली, "तुजे नाना असते तर घेऊ दिलं नसतं असलं काही डोक्यात." त्याच क्षणी माझं ठरलं. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं ना तेव्हा?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तिनं मान हलवली. "त्यांनी शपथ घातली हुती. पोरीला कळलं तर ती हाय खाईल, म्हन्ले. परसात उभं ऱ्हाऊन लई रडले हुते ते, तुला काय म्हाईत." नव्हतं माहीत. आता झालं. पण परसात रडलेला बाप मला काय कामाचा, नाना? डॉक्टरांच्या खोलीत शेजारी बसलेला हवा होता.

मी गोळी बंद केली. पहिले काही आठवडे सांधे इतके दुखले की ऑफिसात खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी सुटल्यावर काहींना होतं असं, जातं. गेलं. डोळ्यांची सूज उतरली. शाळेतल्या बाईंनी विचारलं, पार्लरला जायला लागलात की काय. दर महिन्याला रक्त द्यायचं, ते पुण्याला जायचं, आणि आठ-दहा दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट. पहिला चांगला. दुसरा, तिसरा चांगला. चौथ्यात अगदी थोडं काहीतरी दिसलं. पाचवा आला तेव्हा मी दाखल्यांवर शिक्के मारत होते. आकडा डॉक्टरीणबाईंनी आखून दिलेल्या रेघेच्या वर गेला होता. डॉक्टरीणबाईंचा फोन पाठोपाठ आला. "घाबरू नका. आपण हे धरूनच चाललो होतो. पुन्हा सुरू करू." मी उरलेल्या दाखल्यांवर शिक्के मारले आणि घरी गेले. आईनं विचारलं, "आला का रिपोट?" मी म्हणाले, "आला. चांगलाय."

दोन दिवस तिच्यापासून लपवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला गोळी घेताना पाहिलं. "परत सुरू केली व्हय?" मी हो म्हणाले. "मंग रिपोट चांगला कसा?" मी पेला विसळायला घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू बी त्यांच्यावानीच." मी तिला इतकं वाईट बोलले की ती जेवली नाही. पण तुम्हाला सांगते, तिचं चुकलं. मी दोन दिवस लपवला, तुम्ही तीन वर्षं. आणि मी लपवला तो रिपोर्ट माझा होता. तुम्ही लपवलात तोही माझाच होता.

गोळी सुरू करतानाही दोन रस्ते होते. जुनीच गोळी, किंवा नव्यातली एक, जास्त जोरदार, आकडा लवकर खाली आणणारी, पण हृदयाला आणि साखरेला जपावं लागणारी. या वेळी मी वहीत प्रश्न लिहून नेले. तासभर विचारत होते, बाहेरचे पेशंट वैतागले असतील. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?" मी म्हणाले, "वडील. हार्ट अटॅकनं गेले." तिनं ते लिहून घेतलं. मी जुनी गोळी निवडली. पाय आखडतील, डोळे सुजतील, ते मला माहीत आहे. दोन तपासण्या झाल्या, आकडा खाली येतो आहे. वर्षभरात पूर्वीसारखं होईल असं ती म्हणते. माझ्या फाईलमध्ये तुम्ही आता तेवढेच आहात, नाना. एक ओळ. मला तेवढं पुरे आहे.

पहिल्या वेळचं मात्र तसं नव्हतं. गोळी बंद करायचं मी ठरवलं ते पाय आखडतात म्हणून नाही आणि मूत्रपिंडासाठीही नाही. आई म्हणाली, तुम्ही असता तर करू दिलं नसतं, म्हणून ठरवलं. तीन चौकोनांपैकी एकाचाही मी नीट विचार केला नव्हता. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी फार विचार करून निर्णय घेणारी पेशंट आहे, इतरांना माझं उदाहरण देते.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुम्ही आख्ख्या गावाला वाचायला शिकवलंत, आईला शिकवायचं राहून गेलं. मी लिहिते आहे यातलं एक अक्षर तिला लागणार नाही. तरी मघापासून ती चहा घेऊन, पाणी घेऊन दोनदा आत आली आणि दोन्ही वेळा मी कागद पालथा घातला.